प्रश्न विचारा, पण यादी पक्की होण्याआधी



गेल्या निवडणुकीच्या आठवडाभर आधी आम्ही गावातल्या मतदारांसाठी मोबाईलवरून थेट प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम केला. पहिलाच प्रश्न एका नव्या सुनेचा होता. "लग्नाला दोन वर्षं झाली, नाव अजून माहेरच्या यादीत आहे. इथं मत देता येईल का?" उत्तर 'नाही' असंच द्यावं लागलं. तिचं इथलं मत हुकलं. कार्यक्रम चांगला झाला, पण उशिरा झाला.

असं का होतं, ते समजून घेऊ. स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण त्यासाठी विधानसभेचीच मतदार यादी वापरतो. एका ठरलेल्या तारखेची यादी घेऊन ती प्रभागांप्रमाणे विभागली जाते. २०२५ च्या नगरपरिषद निवडणुकांना १ जुलैची यादी धरली होती आणि मतदान झालं डिसेंबरात. नंतर धावपळ करून काय उपयोग? म्हणून निवडणुकीची नुसती चाहूल लागली, की कार्यक्रम घ्या. सासरच्या पत्त्यावर नाव आणायला नमुना ८, पहिल्यांदा नाव नोंदवायला नमुना ६, आणि चौकशीला १९५० हा क्रमांक, एवढं तर पहिल्याच दिवशी सांगून टाका.

आता तयारी. दोन फोन लागतात. एकावरून कार्यक्रम दाखवायचा, दुसऱ्यावर प्रश्न घ्यायचे. आदल्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळी रेंज तपासून बघा. उत्तरं द्यायला मतदार यादीचं काम बघणाऱ्या बीएलओंना बोलवा. बऱ्याच ठिकाणी हे काम शिक्षक किंवा अंगणवाडीताईच करतात, त्यामुळे माणूस ओळखीचं निघतं.

वेळ बायांना विचारून ठरवा. घरातला फोन बहुधा कारभाऱ्यांच्या खिशात असतो. आम्ही दुपारी बचत गटाच्या बैठकीतच एक फोन मध्ये ठेवून सगळ्याजणींना दाखवला. लिहायला संकोच वाटतो, म्हणून प्रश्न आवाजात पाठवायला सांगितले आणि नाव न घेता वाचले. तेव्हा कुठं खरे प्रश्न आले. "सरपंचाला एक मत आणि सदस्याला वेगळं का?" हो, सरपंच थेट निवडायचा असेल तर त्याचं मत वेगळं, आणि प्रभागात जितक्या जागा तितकी सदस्यांची मतं. "कुणीच पसंत नसेल तर?" नोटाचं बटण आहे. "ओळखपत्र आहे, मग झालं ना?" नाही हो, यादीत नाव असावं लागतं. आधी यादी बघा.

एक पथ्य मात्र पाळा. उमेदवार, पक्ष, चिन्ह यांतलं काहीही कार्यक्रमात नको. सामुदायिक रेडिओला तर राजकीय कार्यक्रमांची परवानगीच नाही. कुणी विचारलंच, "मत कुणाला देऊ?" तर हसून म्हणायचं, "ते तुमचं तुम्ही ठरवा, बाई." आणि एखादं उत्तर येत नसेल तर ठोकून देऊ नका. विचारून उद्या सांगतो म्हणा, आणि उद्या खरंच सांगा.

त्या सुनेनं पुढं नमुना ८ भरला. आता तिचं नाव इथल्या यादीत आहे. तुमचं कुठल्या यादीत आहे, ते आजच बघून घ्या.