कोवळी पोरे, निबर गडी

वाचकहो, 15 सप्टेंबर 2017 हा दिवस आठवतो का? त्या दिवशी सरकारने राज्यातल्या 10 लाख मुलामुलींना फुटबॉल खेळवायचा घाट घातला होता. आमच्या गावच्या शाळेच्या पटांगणातही नवाकोरा चेंडू आला. एरवी आपल्या खानदेशात पोरांचा ओढा क्रिकेटकडे, नाहीतर कबड्डी-व्हॉलीबॉलकडे. त्या दिवशी मात्र अनवाणी पोरे पायाने चेंडू ढकलत धुरळा उडवत होती. गोलाचे खांब म्हणून दोन्ही बाजूंना दप्तरांचे ढीग रचले होते. गुरुजीच पंच, आणि नियमपुस्तकही गुरुजीच!

त्याच वर्षी ऑक्टोबरात 17 वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा प्रथमच भारतात झाली. काही सामने आपल्या नवी मुंबईत झाले, भारताचे तिन्ही सामने दिल्लीत. अमेरिकेने आपल्या पोरांना 3-0 असे हरवले. कोलंबियाविरुद्ध मणिपूरच्या जीक्सन सिंगने कॉर्नरवरून आलेल्या चेंडूला डोके लावून गोल केला. विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल! आनंद संपतो न संपतो तोच पाहुण्यांनी उलटा गोल केला आणि सामना 2-1 असा गेला. मग घानाने 4-0 असे लोळवले. आमच्या शेजारचे तात्या टीव्हीसमोरून उठता उठता म्हणाले, "हारीसनच उनात ना? मंग कसाले धाडतस पोरेसले?"

तात्यांचा प्रश्न साधा आहे, पण उत्तर सोपे नाही. या लेखात जी हकिकत सांगायची आहे ती खरे तर त्यानंतरची आहे, कारण मोठी परीक्षा पुढेच होती.

विश्वचषक झाला आणि प्रश्न पडला, की या पोरांचे आता करायचे काय? घरी पाठवले तर वर्षभरात पाय जड होतात. मोठ्या क्लबात घातले तर तिथे परदेशी गडी, अनुभवी गडी. कोवळ्या पोराला बाकावर बसून पाणी देण्याचे काम. तेव्हा अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने एक जुनी युक्ती पुन्हा काढली. या पोरांचाच एक संघ करायचा आणि तो थेट आय-लीगमध्ये, मोठ्यांच्या साखळी स्पर्धेत उतरवायचा. संघाचे नाव इंडियन ॲरोज. जुनी युक्ती अशासाठी म्हटले, की असाच संघ महासंघाने 2010 साली काढला होता आणि 2013 साली मोडलाही होता. मिझोरामचा जेजे लालपेखलुआ त्याच संघातून पुढे आला.

आय-लीगची रीत थोडक्यात सांगतो. 2017-18 च्या हंगामात 10 संघ होते. प्रत्येकाने दुसऱ्याशी दोनदा खेळायचे, म्हणजे प्रत्येकी 18 सामने. जिंकला तर 3 गुण, बरोबरीला 1, हरला तर भोपळा. एरवी तळाचा संघ खालच्या श्रेणीत ढकलला जातो. ॲरोजला मात्र त्यातून माफी होती. शेवटी आले तरी पुढच्या वर्षी जागा कायम. त्या बदल्यात संघात परदेशी खेळाडू एकही नाही, सगळी भारतीय पोरे, बहुतेक सतरा-अठरा वर्षांची.

आता समोर कोण? मोहन बागान, ईस्ट बंगाल यांच्यासारखे शंभरी गाठत आलेले किंवा ओलांडलेले क्लब. त्यांच्या बचावफळीत अठ्ठावीस-तीस वर्षांचे, छाती भरलेले गडी. पायाच्या कसबात पोरे कमी नव्हती. पण कॉर्नरला चेंडू हवेत आला की खांद्याला खांदा लागतो आणि तिथे वय बोलते. शेवटच्या वीस मिनिटांत पोटऱ्या भरून येतात. पोरगे एक पाऊल उशिरा पोचते आणि तेवढ्यात गोल होऊन जातो. गड्याच्या जोडीला गोऱ्हा जुंपला तर सकाळभर तो बरोबरीने चालतो. दुपारी कोण खाली मान घालतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

या संघात आपल्या महाराष्ट्राचा एक पोरगा होता, कोल्हापूरचा अनिकेत जाधव. वडील रिक्षाचालक. आपल्याकडे तालीम म्हटली की लाल माती आणि कुस्ती आठवते. कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघही आहेत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम यांचा सामना शाहू स्टेडियमवर असला की पेठाच्या पेठा लोटतात. अशा गावात वाढलेला अनिकेत लहानपणीच सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत, पुण्याच्या बालेवाडीला गेला. आईबापांनी एवढे लहान पोर घरापासून दूर ठेवले, याचा विचार तुम्हीच करा. आपल्यापैकी किती जण ठेवतील?

29 नोव्हेंबर 2017 रोजी गोव्यात बांबोळीच्या मैदानावर ॲरोजचा पहिला सामना झाला, चेन्नई सिटीशी. पोरांनी तो 3-0 असा मारला आणि त्यात दोन गोल एकट्या अनिकेतचे! वय वर्षे सतरा. पुढच्या महिन्यात दिल्लीत शिलाँग लाजोंगलाही त्यांनी 3-0 असेच हरवले. त्या दिवशी नाओरेमने एकापाठोपाठ एक गडी चकवत केलेला गोल ज्यांनी पाहिला ते अजून विसरलेले नाहीत. त्यानंतर तीनच दिवसांनी मोहन बागानशी 1-1 अशी बरोबरी. पेपरवाल्यांनी पोरांना डोक्यावर घेतले.

मग हिशेब सुरू झाला. हंगाम लांबला, प्रवास वाढला, पराभवांमागून पराभव आले. संघाला स्वतःचे गाव नव्हते, हे मला फार लागते. कधी गोवा, कधी दिल्ली, पुढे भुवनेश्वर, मुंबई. आपल्या गल्लीतला पोरगा म्हणून ओरडणारे कोणी नाही, हरल्यावर पाठीवर थाप मारणारे कोणी नाही. हंगामाच्या मध्येच पोर्तुगालचे प्रशिक्षक नॉर्टन द मातोस सोडून गेले आणि फ्लॉयड पिंटो यांनी सूत्रे हाती घेतली. शेवटी गुणतक्ता लागला: 18 सामन्यांत 15 गुण, दहा संघांत दहावा क्रमांक. विजेत्या मिनर्व्हा पंजाबचे गुण होते 35.

म्हणजे तात्यांचेच खरे झाले का?

इथे मला केळीच्या रोपाची गोष्ट काढल्यावाचून राहवत नाही. रावेर-यावलच्या बागाईतदाराला ती पाठच आहे. टिश्यू कल्चरचे रोप प्रयोगशाळेत बाटलीत वाढते. बाटलीतून काढून ते कोणी थेट एप्रिलच्या उन्हात लावत नाही. आधी हरितगृहात, मग हिरव्या जाळीखाली काही आठवडे ठेवतात, पाणी बेतानेच देतात, थोडे ऊन, थोडा वारा लागू देतात. पाने जाड होतात, मूळ धरते. जाळीखाली काही पाने करपतात, पण करपलेल्या पानाकडे पाहून रोप उपटत नाहीत. आणि जाळीतच ठेवून दिले तर घड कधी यायचा?

तळाच्या संघाला खाली न ढकलण्याची माफी ही त्या पोरांची हिरवी जाळी होती. काही जाणते म्हणायचे, की माफी आहे म्हणून पोरांना जिंकायची निकड नाही. मला ते पटत नाही. ज्याला परवा पुन्हा मैदानात उतरायचे आहे त्याला तीन गोल खाऊन रात्री झोप येत नाही, माफी असो की नसो. मात्र दुसरी एक तक्रार रास्त वाटते. घरचे मैदान आणि घरची माणसे नसलेला संघ वर्षानुवर्षे तळाशी राहिला तर हरण्याची सवय लागण्याचे भय असते. तेवढी काळजी कुणी घेतली असे दिसले नाही.

ऊन सोसलेल्या रोपांचे पुढे काय झाले ते पाहा. ऑगस्ट 2018 मध्ये स्पेनमधल्या एका स्पर्धेत भारताचा 20 वर्षांखालील संघ खेळला. प्रशिक्षक तेच पिंटो आणि बरीच पोरे तीच, ॲरोजची. समोर अर्जेंटिना, त्यांचे प्रशिक्षक लिओनेल स्कालोनी, ज्यांनी पुढे 2022 साली अर्जेंटिनाला मोठा विश्वचषक जिंकून दिला. आपल्या पोरांनी आघाडी घेतली होती. उत्तरार्धात आपल्याच अनिकेतला लाल कार्ड मिळाले आणि तो मैदानाबाहेर गेला. दहा जण उरले. अशा वेळी कोवळा संघ कोसळतो. हा कोसळला नाही. पंजाबच्या अन्वर अलीने फ्री किकवर दुसरा गोल केला आणि दहा जणांनी अर्जेंटिनाला 2-1 असे हरवले. मार्च 2019 मध्ये सुपर कपच्या पात्रता सामन्यात ॲरोजने केरळा ब्लास्टर्स या बड्या संघालाही 2-0 असे घरी धाडले. साखळीत मात्र 2019-20 साली ॲरोज पुन्हा तळाशीच होता. नव्या पोरांची नवी खेप आली की पहिल्यापासून सुरुवात.

अन्वर अलीची गोष्ट प्रत्येक आईबापाने ऐकावी अशी आहे. 2019 साली तपासणीत त्याच्या हृदयात दोष निघाला आणि फुटबॉल बंद करण्याची वेळ आली. प्रकरण कोर्टापर्यंत गेले. पुढे तो पुन्हा मैदानात उतरला आणि भारताच्या मुख्य संघातही खेळला. पण मधला काळ त्या घराने कसा काढला असेल? पोरगे खेळात घालायचे असेल तर आधी चांगल्या डॉक्टरकडून छाती तपासून घ्या, मग गावजेवण घाला. शर्यतीच्या बैलाचे खूर आपण वाकून पाहतो, पोराच्या बाबतीत 'धडधाकट आहे' म्हणून मोकळे होतो.

आणि ही पोरे कोणाची? विश्वचषकातला भारताचा कर्णधार अमरजित सिंग मणिपूरच्या खेड्यातला. बाप शेतकरी, आई इंफाळला मासे विकायची. बंगळूरच्या संजीव स्टालिनची आई रस्त्याकडेला कपडे विकायची. बड्या घरची पोरे यात थोडी. खेळात टिकले नाही तर परत येऊन काय करायचे, हा प्रश्न अशाच घरांना जास्त बोचतो. म्हणून दहावी-बारावीचे पुस्तक सोडू नये, असे माझे मत आहे. प्रबोधिनीसारख्या जागी शाळाही असते, एवढी एक बाब मनाला धीर देते.

महासंघाने 2022 साली ॲरोज संघ बंद केला आणि तो पैसा मुलांच्या वेगळ्या साखळी स्पर्धेकडे वळवायचे ठरवले. चूक की बरोबर, यावर अजून वाद चालतो. मात्र मार्च 2022 मध्ये गोव्यात इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला तेव्हा दोन्ही बाजूंना जुनी नावे दिसली. केरळकडून जीक्सन सिंग होता, आणि त्या वर्षी विजेत्या ठरलेल्या हैदराबादच्या ताफ्यात आपला अनिकेत जाधव.

हे सगळे मी तात्यांना सांगितले. त्यांनी सुपारी कातरता कातरता ऐकून घेतले आणि विचारले, "आपल्या शाळेतला तो चेंडू कुठे आहे रे?" दुसऱ्या दिवशी चौकशी केली. चेंडू गुरुजींच्या कपाटात होता, हवा गेलेला. तात्यांचा नातू सायकलचा पंप घेऊन शाळेत गेला आहे. पंपाला सुई बसत नाही म्हणून आता सुईसाठी कोणाला तरी जळगावला धाडायचे आहे.