काळ्या मातीत घराला भेगा का जातात? इलाज मुरुमात, पण कोणत्या?

पावसाळ्यात दार चौकटीत अडकते आणि उन्हाळ्यात तेच दार सैल होते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. ती बुजवून रंग दिला, तरी पुढच्या वर्षी पुन्हा दिसते. वर्धा, देवळी, सेलू, हिंगणघाट या भागांत काळ्या जमिनीवर घर बांधलेल्या अनेकांचा हा अनुभव. दोष बहुतेकदा मिस्त्रीला किंवा सिमेंटला दिला जातो. मात्र, खरे कारण अनेकदा पायव्याखाली असते.

माती फुगते म्हणजे काय?

विदर्भातील काळी माती बेसाल्ट खडक झिजून तयार झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणमातीचे खनिज असते. त्याच्या अतिशय पातळ थरांमध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि पाणी गेले की आक्रसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा दिसतात त्या यामुळेच.

कपाशीला हा गुण मानवतो, कारण ही माती ओल धरून ठेवते. घराला मात्र तो सोसत नाही. माती सगळीकडे सारखी वर-खाली झाली असती, तर फारसे बिघडले नसते. पण न्हाणीघराकडचा कोपरा ओला राहतो आणि दुसरी बाजू सुकते. एक टोक उचलले जाते, दुसरे खचते आणि मधली भिंत फाटते. एक-दोन मजली घरांना हा त्रास जास्त होतो, कारण त्यांचे वजन मातीचा फुगवटा दाबून ठेवण्याइतके नसते.

आयआयटी मुंबईत काय सापडले?

आयआयटी मुंबईच्या स्थापत्य अभियांत्रिकी विभागातील प्रा. आर. के. कट्टी यांनी या मातीवर अनेक वर्षे संशोधन केले. त्यांच्या लक्षात आलेली गोष्ट साधी, पण महत्त्वाची होती. काळ्या मातीची मोठी हालचाल वरच्या सुमारे एक-दीड मीटरमध्येच होते. खाली माती तीच असते, पाणीही पोहोचते, तरीही ती फारशी हलत नाही.

नुसते वरच्या मातीचे वजन या शांततेचे कारण ठरत नव्हते. पाण्यामुळे मातीच्या कणांमध्ये निर्माण होणारी चिकटपणाची ताकद वरच्या थरात काम करते आणि खालच्या मातीला बांधून ठेवते, असे स्पष्टीकरण कट्टी यांनी मांडले. मग वरचा थर काढून तिथे चिकट, पण न फुगणारी माती दाबून बसवली तर? यातूनच ‘सीएनएस’ थराची पद्धत आली. इंडियन जिओटेक्निकल सोसायटीच्या पहिल्या वार्षिक व्याख्यानात त्यांनी काळ्या मातीच्या प्रश्नांचाच विषय घेतला होता.

त्याचा वापर कुठे झाला?

प्रामुख्याने कालव्यांमध्ये. काळ्या मातीतून जाणाऱ्या कालव्याचे अस्तर फुगवट्याने उखडते आणि पाणी शेतापर्यंत पोहोचण्याआधीच वाया जाते. कर्नाटकातील मलप्रभा प्रकल्पाच्या कालव्यावर ही पद्धत वापरली गेली. पुढे ‘आयएस ९४५१’ या भारतीय मानकात ती आली. मातीचा फुगवट्याचा दाब किती, यावरून थराची जाडी ठरते. मोठ्या कालव्यांसाठी ती साधारण पाऊण ते एक मीटर असते.

मग पायव्यात वाळू भरली तर?

इथेच अनेकांची चूक होते. वाळू फुगत नाही हे खरे, पण तिच्यात चिकटपणाही नसतो. शिवाय ती पाणी थेट खालच्या काळ्या मातीपर्यंत जाऊ देते. भरावाला किंचित चिकट, न फुगणारा मुरूम हवा आणि तो थराथराने, पाणी मारून दाबायला हवा. ‘मुरूम टाकला’ एवढ्याने काम होत नाही.

दुसरा मार्ग अंडर-रीम्ड पाइलचा. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तो विकसित केला. सुमारे साडेतीन मीटर खोल खांब जमिनीत उतरवतात आणि त्याचे टोक फुगीर ठेवतात. माती हलत नाही त्या खोलीवर घराचा भार जातो.

आपली माती कशी तपासायची?

‘फ्री स्वेल’ चाचणी सोपी आहे. वाळवून चाळलेली १० ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घेतात. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. २४ तासांनी दोन्हींतील मातीची उंची पाहतात. पाण्यातली माती दीडपटीहून अधिक झाली, तर सावध व्हावे. माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत किंवा स्थापत्य शाखा असलेल्या महाविद्यालयात याची चौकशी करता येते.

घर बांधून झाले असेल तर?

पायव्याजवळची ओल वर्षभर सारखी राहील, एवढे पाहावे.

• घराभोवती बाहेर उतार असलेली फरशी किंवा काँक्रीटची पट्टी करा.
• छताचे आणि न्हाणीघराचे पाणी पायव्यापासून दूर सोडा.
• भिंतीलगत मोठी झाडे लावू नका. मुळे एका बाजूची ओल ओढून घेतात.
• भेग बुजवण्याआधी पाणी कुठे मुरते ते शोधा.

घरकुलाचे ठरावीक पैसे किंवा आयुष्यभराची बचत पायव्यात जाते, तेव्हा हीच माहिती सर्वांत आधी हवी असते. घराचा नकाशा काढण्याआधी खालच्या मातीची चाचणी झाली, तर भिंतीवरची भेग दरवर्षी बुजवण्याची वेळ टळू शकते.