सरडे कशाला मोजायचे?



सरडा दिसला की आपल्यातली पुष्कळ मुले आधी दगड शोधतात. विणीच्या काळात नर सरड्याचा गळा लालभडक होतो. मग कोणीतरी ओरडतं, "बघ, रक्त प्यायलाय!" हे साफ खोटे आहे. सरडा मुंग्या, किडे, नाकतोडे खातो. तो लाल रंग मादीला दिसावा व दुसऱ्या नराने लांब राहावे म्हणून असतो.

आमचा गट दर शनिवारी बाईंबरोबर शाळेजवळच्या माळावर सरडे मोजतो. घरी सांगितले तेव्हा आजी म्हणाली, "सरडं मोजून काय मिलनार?" तिला मी सातारा जिल्ह्यातली हकिकत सांगितली.

तेथे चाळकेवाडीचे पठार आहे. उन्हाळ्यात ते वाळवंटासारखे रखरखीत होते. तेथील एका सरड्याच्या नराला गळ्याखाली निळी, काळी व नारिंगी कातडी असते. ती तो पंख्यासारखी उघडतो आणि मिटतो. 2016 साली शास्त्रज्ञांनी ही नवी जात म्हणून नोंदवली व नाव ठेवले 'सरडा सुपर्बा'. आपला मराठी शब्दच शास्त्रात गेला!

या पठारावर पवनचक्क्या आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी चक्क्यांजवळचे आणि चक्क्यांपासून लांबचे सरडे व पक्षी मोजले. 2018 साली तो अभ्यास छापून आला. चक्क्यांजवळ शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी होते, म्हणून तेथे सरडे जास्त झाले. ते इतके निर्धास्त की माणूस बराच जवळ गेला तरी पळत नसत. पण ते अंगाने बारीक होते आणि त्यांच्या गळ्याचा रंगही फिका होता. हे सगळे कसे कळले? नीट मोजले म्हणून!

आता आमची पद्धत सांगतो. ऊन जरा वर आले की निघायचे, कारण सरडा उन्हात अंग तापवायला बाहेर येतो. ठरलेल्या सरळ रेषेत हळू चालायचे. सरडा दिसला की वेळ, जागा आणि ऊन की ढग ते वहीत लिहायचे. परत येताना मोजायचे नाही, नाहीतर एकच सरडा दोनदा धरला जातो. पकडायचे तर मुळीच नाही. दगड उलटायचा नाही, खाली विंचू किंवा फुरसे असू शकते. एकही सरडा दिसला नाही, तर 0 लिहायचे. पहिल्या शनिवारी आम्ही 0 च लिहिला. बाई म्हणाल्या, "शून्य हीसुद्धा माहितीच आहे."

आपल्या करंजाडे गावाभोवती सेक्टर झाले, मोठमोठ्या इमारती आल्या. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असे म्हणतात. पण कुंपणाच्या जागी सिमेंटची भिंत आली तर त्याने धावायचे कोठे? आज नोंद ठेवली नाही, तर येथे किती सरडे होते हे पुढे कोणाला सांगता येणार नाही.

म्हणून मुलांनो, दगड टाका आणि शनिवारी आमच्याबरोबर या. आणि पालकांनो, तुमच्या लहानपणी या माळावर कोणते सरडे, साप, घोरपडी दिसत, ते आम्हाला सांगा. या भित्तिपत्रकाखाली वही टांगली आहे. तिच्यात दोन ओळी लिहूनच घरी जा.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी