मधला खांब गेला कोठें?

जुन्या वाड्यांतील खोली फुटांत मोजण्याचा रिवाज नव्हता. ती खणांत मोजीत. दोन तुळयांमधील जागा म्हणजे एक खण. दोन खणांची खोली, पांच खणांचें माजघर असें सांगितलें कीं ऐकणाऱ्याला जागेचा अंदाज येई. या मोजणींत घराच्या रचनेचें एक सत्य आपोआप नोंदलें गेलें आहे. खणाला खण जोडून खोलीची लांबी हवी तितकी वाढवितां येई. रुंदी मात्र तुळईच्या लांबीपलीकडे जात नसे, आणि तुळई झाडाहून लांब मिळत नसे. सोपा रुंद करावयाचा झाला कीं मध्यें खांबांची रांग आलीच. पंगतींत खांबाआडचें पान ज्याच्या वांट्याला येई त्याच्याकडे वाढपी उशिरां पोंचे, एवढाच काय तो त्याचा तोटा.

हजारों माणसें एका छपराखालीं आणावयाचीं तर ही रचना पुरी पडत नाहीं. स्टेशनांतील रुळांची मांडणी बदलली तरी खांब हलवितां येत नाहींत. प्रदर्शनांत आज यंत्रें मांडावयाचीं, तर पुढच्या महिन्यांत गालिचे. आणि खेळाच्या दालनांत खांबामागें बसलेल्या प्रेक्षकाला तिकिटाचे पैसे परत मागावेसे वाटले तर त्यांत नवल नाहीं. बाजार, गुदामें, विमानतळ या सर्वांची मागणी एकच असते, ती म्हणजे मध्यें कांहीं नको. मुंबई विमानतळाचें २०१४ सालीं उघडलेलें दुसरें टर्मिनल घ्या. त्याच्या मुख्य इमारतीचें विस्तीर्ण पोलादी छप्पर अवघ्या ३० खांबांवर उभें आहे. वर पाहणारा प्रवासी क्षणभर थक्क होतो; परंतु जे खांब तेथें नाहींत त्यांचें काम कोण करतें, हा प्रश्न त्याच्या मनांत सहसा येत नाहीं. खांब काढला म्हणून त्याच्या डोक्यावरचा भार नाहींसा होत नाहीं. तो छपराच्या पोटांतील दांड्यांवर सोपविलेला असतो, आणि हे दांडे खांबापेक्षां पुष्कळ बारीक असतात.

दोन टोकांवर टेकलेली तुळई भार येतांच मध्यें वांकते. तिची वरची बाजू दाबली जाते व खालची ताणली जाते. दर फुटावरील भार तोच ठेवून गाळा दुप्पट केला, तर मध्यभागीं वांकविणारा जोर चौपट होतो; तिप्पट केला तर नऊपट. तुळई जाड करावी, तर तिचें स्वतःचेंच वजन वाढतें आणि कांहीं मर्यादेपुढें तिची सारी शक्ति स्वतःला सावरण्यांतच खर्ची पडते. दगडाला ताण सोसत नाहीं. पोलादाला ताण आणि दाब दोन्ही सोसतात, आणि हेन्री बेसेमर यांनीं १८५६ सालीं जाहीर केलेल्या कृतीमुळें तें पुढें इमारतींना परवडण्याइतकें स्वस्त झालें.

तथापि नुसतें पोलाद मिळून भागत नाहीं. तें कोठें ठेवावें हें ठरवावें लागतें. वांकण्याशीं झुंज मुख्यतः तुळईच्या वरच्या व खालच्या कडा देतात. मधल्या भागाला त्यांत फारसें कर्तव्य नसतें. मग मधलें बहुतेक सामान काढून टाकावें, दोन्ही कडा एकमेकींपासून दूर न्याव्या आणि तिरप्या दांड्यांनीं त्या जोडाव्या. हीच कैची. दरवाज्याची चौकट सांध्यांत ढिली झाली कीं तिरकी होते, पण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक पट्टी ठोकली, तिचे दोन त्रिकोण झाले, कीं ती हलत नाहीं, हें प्रत्येक सुताराला ठाऊक असतें. पोलादी कैची म्हणजे अशा त्रिकोणांची माळ होय. तिचे कांहीं दांडे ताणाखालीं असतात, कांहीं दाबाखालीं, आणि या दोहोंचा स्वभाव अगदीं भिन्न आहे.

तो पाहण्यास केरसुणीची एक काडी पुरे. दोन टोकें धरून ओढली तर ती सहजासहजीं तुटत नाहीं. तीच काडी मेजावर उभी धरून वरून बोटानें दाबली, तर मोडण्यापूर्वींच ती धनुष्यासारखी बाजूला जाते आणि भार टाकून देते. पदार्थ तोच आहे. परंतु दाबाखालीं पदार्थाच्या बळापेक्षां काडीच्या सरळ राहण्याला महत्त्व येतें. आतां दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनीं काडी मध्यावर अलगद धरावी. ती एकाएकीं कितीतरी अधिक भार घेऊं लागते. लेओनार्ड ऑयलर या गणितज्ञानें अठराव्या शतकांत यासंबंधीं नियम मांडला. आधारांमधील लांबी निम्मी झाली कीं बारीक दांडा चौपट भार पेलतो. मधल्या दोन बोटांना जोर जवळजवळ लागतच नाहीं. पण तीं काढून घेतलीं कीं काडी गेलीच. मोठ्या छपरांतील बारीकसारीक आडव्या-तिरप्या पट्ट्या, ज्या पाहणाऱ्याला निरुपयोगी भासतात, त्या म्हणजे हीं दोन बोटें.

कैचीपेक्षां निराळा मार्ग कमानीचा. लंडनचें सेंट पँक्रस स्टेशन १८६८ सालीं उघडलें तेव्हां मिडलंड रेल्वेचे इंजिनियर विल्यम बार्लो यांनीं २४० फुटांचा गाळा एकाच कमानीनें झांकला होता. एवढा गाळा एका छपराखालीं तोंवर जगांत कोणी घेतला नव्हता. धातु अद्याप पोलाद नव्हे, घडीव लोखंड होतें. कमानीचा स्वभाव पाय फांकण्याचा. जुने बांधकाम करणारे तिच्या दोन्ही बाजूंना जाडजूड भिंती घालीत. दुसरा उपाय म्हणजे दोन्ही पाय आडव्या सळईनें एकमेकांना बांधून टाकणें. सेंट पँक्रसच्या दालनांत अशी सळई एकहि दिसत नाहीं. याचें कारण मोठें मौजेचें आहे. स्टेशनाजवळच रीजंट्स कालवा असल्यामुळें लोहमार्ग त्यावरून न्यावा लागला, आणि त्यायोगें फलाट रस्त्यापेक्षां बराच उंच आला. खालची पोकळी मातीनें भरून न टाकतां तेथें बर्टनहून येणारीं बिअरचीं पिंपें सांठवावीं असें ठरलें. तळघरांतील खांबांमधलें अंतर पिंपांच्या मापावरून घेतलें गेलें. बिअरचें पिंप हेंच येथें लांबीचें एकक झालें, असें खुद्द बार्लो यांनीं नमूद केलें आहे. या खांबांवर आडवे गर्डर टाकून वर फलाट केला, आणि हेच गर्डर कमानीचे दोन्ही पाय ओढून धरतात. प्रवासी ज्या जमिनीवर उभा असतो तीच छपराचें बंधन आहे. कमान माथ्याशीं किंचित् टोंकदार आहे, ती बाजूच्या वाऱ्याला दाद देऊं नये म्हणून. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसची तुलना सेंट पँक्रसशीं पुष्कळदां केली जाते. ती मुख्यतः दर्शनी इमारतीपुरती खरी समजावी. २००७ सालापासून यूरोपकडे जाणाऱ्या गाड्या या छपराखालून सुटूं लागल्या, आणि पिंपांच्या तळघरांत दुकानें व उतारूंची बसण्याची जागा आली.

पॅरिसच्या १८८९ च्या प्रदर्शनांतील यंत्रदालनानें हा गाळा सुमारें ३६० फुटांवर नेला. तेथील प्रत्येक कमान दोन तुकड्यांची असून दोन्ही पायथ्यांशीं एकेक व माथ्यावर एक अशा तीन बिजागऱ्या तिला होत्या. धातु उन्हानें वाढते, आणि ही वाढ क्षुल्लक नसते. शंभर मीटर लांबीची पोलादी तुळई ४० अंश सेंटिग्रेडच्या फरकानें जवळजवळ पांच सेंटिमीटर लांबते. दोन्ही टोकें घट्ट आवळलीं असतील तर ती भिंती ढकलील. बिजागऱ्यांची कमान मात्र माथ्यावर थोडी उचलली जाते आणि वाढ पचवून टाकते. ही इमारत १९१० सालीं पाडण्यांत आली. हल्लीं गुदामें आणि कारखान्यांसाठीं जी पोलादी चौकट सर्वत्र दिसते, तिचा बांधा कमानीसारखाच असतो. खांब व छपराचा उतरता दांडा जेथें मिळतात त्या कोपराशीं जोर सर्वांत अधिक, म्हणून तेथें तिची रुंदी अधिक ठेवलेली असते.

दुसऱ्या महायुद्धानंतर कैच्यांची पुढची पायरी सर्वत्र दिसूं लागली. एकाच दिशेनें कैच्या टाकण्याऐवजीं दांड्यांचे दोन सपाट जाळीदार थर एकावर एक ठेवावयाचे आणि ते तिरप्या दांड्यांनीं जोडून सबंध छपराची एक जाळी करावयाची. अमेरिकेंतील हार्टफर्ड शहराच्या सिव्हिक सेंटरचें छप्पर या जातीचें होतें. तें ३६० फूट लांब, ३०० फूट रुंद व सुमारें १४०० टन वजनाचें असून केवळ चार मोठ्या खांबांवर टेकलेलें होतें. आराखड्याचा हिशेब संगणकानें केला, आणि त्या काळीं ही मोठी नवलाई होती. जाळी जमिनीवर जुळवून मग यंत्रांनीं वर चढविली. जमिनीवर असतांनाच ती गणितानें सांगितलेल्यापेक्षां अधिक वांकलेली आढळली. वर चढविल्यावर तर मधला झोल हिशेबाच्या दुपटीच्या आसपास भरला. ही गोष्ट आराखडा करणारांच्या कानांवर घातली गेली, एका नागरिकानेंहि शंका काढली. परंतु असा थोडाफार फरक पडावयाचाच, असें सांगून सर्वांचें समाधान करण्यांत आलें. सेंटर १९७५ सालीं लोकांना खुलें झालें.

१७ जानेवारी १९७८ च्या रात्रीं तेथें बास्केटबॉलचा सामना होता व सुमारें पांच हजार प्रेक्षक जमले होते. बाहेर बर्फ पडत होतें. सामना संपला, लोक घरीं गेले, आणि कांहीं तासांतच, १८ तारखेच्या पहाटें चारच्या सुमारास, सबंध छप्पर खालीं रिकाम्या खुर्च्यांवर आलें. कोणीहि दगावलें नाहीं. त्या रात्रींचें बर्फ भरपूर होतें खरें, पण छपरानें पेलावयास हवा होता त्यापेक्षां प्रत्यक्ष भार कमीच होता. चौकशींत जें बाहेर पडलें तें केरसुणीच्या काडीचेंच गणित होय. वरच्या थरांतील तीस फुटी दांडे दाबाखालीं होते. त्यांना मध्यावर आधार आहे असें हिशेबांत धरलें होतें. प्रत्यक्षांत, विशेषतः कडेच्या ओळींत, तो आधार पुरेसा नव्हता. छपराचे पत्रे त्या दांड्यांवर थेट बसविलेले असते तर त्यांनींहि दांड्यांना धरून ठेवलें असतें. पण ते आंखूड खुंट्यांवर उचलून बसविले होते. भरीस भर, छपराचें स्वतःचें वजन हिशेबांत कमी धरलें गेलें होतें. संगणकानें बेरीज चुकविली नव्हती. दांडा सरळ राहील हें त्याला सांगितलेलें होतें आणि त्यानें तें मानलें. कडेचे दांडे पहिल्यापासूनच हळूहळू वांकत होते. एकानें टाकलेला भार शेजारच्यावर जाई, आणि तो झोल म्हणजे याच क्रियेची दिसणारी खूण होती.

खांबांच्या इमारतींत एक तुळई खचली तर बहुधा एक खण कोसळतो. खांबाविना छपरांत भाराला जाण्यास वाटा थोड्या, म्हणून एक दुवा गेला तर सगळेंच जाण्याची भीति असते. पोलंडमधील कातोवित्से येथें २८ जानेवारी २००६ रोजीं कबुतरांचें प्रदर्शन भरलें असतां बर्फाच्या भारानें प्रदर्शन-दालनाचें छप्पर पडलें व ६५ माणसें मृत्यु पावलीं. त्या छपरालाहि चार वर्षांपूर्वीं बर्फानें इजा झाली होती.

महाराष्ट्रांत बर्फाचा प्रश्न नाहीं. वारा आणि पाऊस यांचा आहे. पोलादी छपराचा हलकेपणा, जो त्याचा गुण, तोच वादळांत अवगुण ठरतो. छपरावरून वेगानें वाहणारा वारा त्याला खालीं दाबण्याऐवजीं वर खेंचतो, आणि दारें उघडीं असलीं तर आंत शिरलेली हवा खालून ढकलते. अशा वेळीं कैचीचा नेहमीं ताणाखालीं असणारा खालचा दांडा एकाएकीं दाबाखालीं येतो. त्याला बाजूचा आधार दिलेला नसेल तर तोहि काडीसारखा वांकणार. पन्हळी पत्र्यांच्या छपराला वजनापेक्षां नांगराची, म्हणजे जमिनींत पक्क्या रोवलेल्या बोल्टांची, गरज अधिक असते ती यामुळेंच.

पावसाची गोष्ट आणखी निराळी. मोठें छप्पर पाहतां सपाट दिसलें तरी तें थोडेंसें वांकतेंच. खळग्यांत पाणी सांठतें, त्या वजनानें खळगा खोल होतो, म्हणून आणखी पाणी सांठतें. अमेरिकेंतील कॅन्सस सिटी येथील केंपर अरीना या दालनाचें छप्पर बाहेरच्या अवाढव्य पोलादी चौकटींना टांगलेलें होतें. शहराच्या गटारांवर एकदम लोंढा जाऊं नये म्हणून त्यावरचें पाणी सावकाश सोडण्याची योजना होती, आणि पाणी जाण्याचे मार्ग थोडे ठेवलेले होते. ४ जून १९७९ च्या संध्याकाळीं मुसळधार पाऊस व सोसाट्याचा वारा एकदम आले. टांगणीचे बोल्ट वर्षानुवर्षें वाऱ्याच्या हेलकाव्यांनीं आधींच थकलेले होते. त्यांतील एक तुटला, त्याचा भार शेजारच्यांवर गेला, आणि छपराचा मोठा भाग आंत आला. दालन त्या वेळीं रिकामें होतें. पुन्हां बांधतांना टांगणीचे बोल्ट बदलले आणि पाणी कडेकडे वाहून जावें म्हणून छपराचा मध्यभाग थोडा उंच घेतला.