आधी ओळख, मग फवारणी

कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र प्रात्यक्षिक परीक्षेत ‘स्पॉटिंग’ नावाचा एक भाग असतो. टेबलावर ओळीने नमुने मांडलेले असतात. घंटा वाजली की विद्यार्थ्याने पुढच्या नमुन्याकडे सरकायचे आणि हाती असलेल्या मिनिट-दोन मिनिटांत कीटकाचे नाव, गण, तो कोणत्या पिकावर येतो आणि काय नुकसान करतो, हे लिहायचे. विद्यार्थ्यांच्या कीटक ओळख स्पर्धाही साधारण याच धर्तीवर होतात. अमेरिकेत तर शाळकरी मुलेही अशा स्पर्धांत उतरतात. यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात मात्र या तयारीचा संबंध केवळ गुणांशी किंवा बक्षिसाशी नाही. धुऱ्यावर उभे राहून ‘हा किडा कोणता?’ या प्रश्नाचे बरोबर उत्तर देता येणे, हा इथे आरोग्याचाही प्रश्न आहे.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, दमट हवा, अंगावर संरक्षक कपडे नाहीत आणि एकाच पंपात दोन-तीन औषधांचे मिश्रण, अशी अनेक कारणे तेव्हा पुढे आली. केवळ कीड ओळखता आली असती तर हे सारे टळले असते, असे म्हणता येणार नाही. पण नेमकी कीड ठाऊक नसली की ‘हेही टाका, तेही टाका’ असे होते. मिश्रणामागचे एक कारण हा गोंधळही असतो.

तयारीची सुरुवात पाय मोजण्यापासून होते. डोके, छाती, पोट असे शरीराचे तीन भाग आणि पायांच्या तीन जोड्या असतील तर तो कीटक. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर दिसणारा लाल मखमली मृगाचा किडा नावाने किडा असला, तरी त्याला आठ पाय असतात. तो कोळ्यांच्या गोतावळ्यातला आहे. त्यानंतर पंख पाहायचे. खऱ्या माशीला पंखांची एकच जोडी असते. कपाशीवरच्या पांढऱ्या माशीला दोन जोड्या असतात, कारण ती माशी नसून मावा आणि तुडतुडे यांच्या गणातली आहे. सोंडेसारख्या तोंडाने ती पानातला रस शोषते. फुलांवर मधमाशीसारखी पिवळी-काळी दिसणारी सिरफिड मात्र खरी माशी आहे. तिची बिनपायांची अळी मावा फस्त करते.

अळ्या ओळखताना पोटाखालचे मऊ पाय उपयोगी पडतात. पतंगांच्या बहुतेक अळ्यांना अशा पायांच्या पाच जोड्या असतात. सोयाबीनवरच्या उंटअळीला त्या कमी असतात, म्हणून चालताना तिच्या पाठीचा उंचवटा होतो आणि त्यावरूनच तिला हे नाव मिळाले.

खरी कसोटी लागते ती दिसायला सारख्या असणाऱ्या कीटकांत. ढालकिडा अनेकांना ओळखता येतो, पण त्याची काळसर, नारिंगी ठिपक्यांची, काहीशी काटेरी अळी पाहून ‘नवीन कीड आली’ असे वाटू शकते. ती अळीही मावाच खाते. उलट वांग्यावर दिसणारा २८ ठिपक्यांचा, निस्तेज पाठीचा भुंगेरा ढालकिड्याच्याच कुळातला असूनही पाने कुरतडतो. पिठ्या ढेकणावर जगणाऱ्या क्रिप्टोलिमस भुंगेऱ्याची अळी पांढऱ्या, मेणचट धाग्यांमुळे हुबेहूब पिठ्या ढेकणासारखीच दिसते. शत्रू समजून मित्राला मारले की पुढची कीड वाढते आणि पुन्हा पंप उचलावा लागतो.

कपाशीत सर्वांत महत्त्वाची ओळख गुलाबी बोंडअळीची. लहान असताना ती पांढुरकी असते, गुलाबी रंग नंतर येतो. म्हणून ‘गुलाबी अळी दिसत नाही’ म्हणजे ती नाही, असे नव्हे. अंड्यातून निघाल्यावर थोड्याच वेळात ती पात्या, फुले किंवा कोवळ्या बोंडात शिरते. आत शिरल्याचे छिद्रही बुजते. मग वरून कितीही फवारले तरी औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे अळी शोधण्याआधी तिच्या खुणा शोधाव्या लागतात. पाकळ्या मिटून गुलाबाच्या कळीसारखे दिसणारे फूल, म्हणजे डोमकळी, ही त्यातली पहिली खूण. दुसरी खूण कामगंध सापळ्यात मिळते. सलग तीन दिवस रोज प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आले तर उपायांची वेळ झाली, असे समजतात. तिसरी खूण हिरवी बोंडे फोडून पाहिल्यावर कळते. शेतातून विखुरलेली २० बोंडे घेऊन त्यांतली किती किडली, हे मोजायचे. १० टक्के हे प्रमाण धोक्याचे मानले जाते.

नाव ओळखल्यानंतर संख्या मोजणे म्हणूनच गरजेचे आहे. पानामागे एखादा तुडतुडा असणे म्हणजे संकट नव्हे. सरासरी दर पानामागे दोन-तीन पिल्ले दिसू लागली की ती आर्थिक नुकसानीची पातळी ठरते. २००८ मध्ये विदर्भात सोयाबीनवर अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर राज्यात ‘क्रॉपसॅप’ हा कीड सर्वेक्षण आणि सल्ला प्रकल्प सुरू झाला. शेतात मोजायचे आणि मगच सल्ला द्यायचा, हेच त्याचे सूत्र आहे.

विद्यार्थ्यांना स्वतःचा कीटकसंग्रहही करावा लागतो. त्याचीही शिस्त असते. भुंगेऱ्याला टाचणी उजव्या कठीण पंखातून टोचायची, पतंगाला छातीच्या मधोमध. अळ्या आणि मावा यांसारखे मऊ कीटक ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायचे. पेटीत डांबरगोळी हवी. प्रत्येक नमुन्याखाली गाव, तारीख, पीक आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी हवी, कारण चिठ्ठी नसलेला नमुना अभ्यासाच्या उपयोगाचा नसतो. टिपेश्वरसारख्या अभयारण्यात कीटक पकडता येत नाहीत. तिथे फोटोवर समाधान मानावे. मात्र केवळ फोटो पाहून केलेला अभ्यास कच्चा राहतो. रात्री प्रकाश सापळ्यावर आणि सकाळी शेतात एकच कीटक निरनिराळ्या अवस्थांत पाहिला की तो विसरला जात नाही.

हे ज्ञान कृषिदूत आणि कृषिकन्या ग्रामीण कार्यानुभवाच्या काळात गावांत नेतात. घरातल्या शाळकरी मुलांनाही ते जमण्यासारखे आहे. साध्या भिंगातून पानाची खालची बाजू आठवड्यातून एकदा पाहिली, दिसलेले वहीत टिपले आणि शंका आल्यास नमुना डबीत घालून कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवला, तरी पुष्कळ झाले.

फवारणी करावीच लागली तर शिफारस केलेले एकच औषध, सांगितलेल्या मात्रेत वापरावे. डब्यावरचा त्रिकोण पाहावा. लाल त्रिकोण सर्वाधिक विषारी औषधाचा असतो. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. मळमळ, खूप घाम, तोंडाला लाळ, धूसर दिसणे, श्वासाला त्रास असे काही जाणवले तर काम तिथेच थांबवावे. कपडे बदलून अंग साबण-पाण्याने धुवावे आणि १०८ वर फोन करावा. रुग्णालयात जाताना औषधाचा डबा किंवा त्यावरचे लेबल सोबत न्यावे. कोणते विष पोटात किंवा अंगात गेले हे कळले, तर डॉक्टरांनाही नेमका उपचार लवकर सुरू करता येतो.