माटुंग्याचं केंद्र आणि कशेळ्याचा पेंढा

भात झोडून झालं की खळ्यावर दोन ढीग पडतात. दाण्याचा ढीग मापाने मोजला जातो, पेंढ्याचा कुणी मोजत नाही. माळ्यावर चढवला, गुरांची सोय झाली, उरला तो विकला किंवा राबाला ठेवला, एवढाच त्याचा हिशेब. या न मोजलेल्या मालासाठी मुंबईत एक स्वतंत्र विज्ञान केंद्र उभं राहिलं आहे, हे कशेळे भागात फारसं कुणाला ठाऊक नसावं.

माटुंग्याची यूडीसीटी १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली. २००८ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आता तिला आयसीटी म्हणतात. तिथे केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने ऊर्जा जैवविज्ञान केंद्र उभारलं गेलं. पेंढा, पाचट, भुसा यांपासून इथेनॉल, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं इंधन करणं, हे तिथलं एक मोठं काम.

त्यासाठी वेगळं केंद्र कशाला? पेंढ्यात साखर असते, पण ती चिवट धाग्यांत अडकलेली. आधी वाफ आणि आम्ल किंवा अल्कली वापरून धागा सैल करायचा, मग विकरांनी त्याची साखर करायची, मग यीस्टने ती आंबवायची. रसायनवाल्याने आम्ल नि उष्णता जास्त वापरली तर असे पदार्थ तयार होतात की पुढे यीस्टच मरतं. सूक्ष्मजीववाल्याने नवं यीस्ट शोधलं तरी कारखान्याच्या टाकीत ते टिकेल की नाही, हे इंजिनीअरने सांगायचं. एकाची चूक दुसऱ्याच्या टाकीत दिसते. म्हणून सगळे एका छपराखाली बसवले. (हेच काम गाईच्या पोटातले जंतू फुकट करतात, हा भाग वेगळा!)

या केंद्राच्या तंत्रावर उत्तराखंडात काशीपूरला दिवसाला १० टन काडीकचरा घेणारा प्रायोगिक कारखाना २०१६ साली सुरू झाला. पुढे २०२२ मध्ये हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलचा मोठा कारखाना झाला; त्याचं तंत्र पुण्याच्या प्राज कंपनीचं. त्याचा आराखडा वर्षाला २ लाख टन पेंढा आणि ३ कोटी लिटर इथेनॉल असा. म्हणजे क्विंटलमागे साधारण १५ लिटर.

आता आपल्या मापाने पाहू. एकरी १२ क्विंटल पेंढा धरला तर काशीपूरच्या छोट्या कारखान्याला रोज आठ-नऊ एकरांचा पेंढा लागेल, आणि पानिपतच्या मोठ्याला वर्षाकाठी दीड लाखाहून जास्त एकरांचा. एवढा माल गोळा होतो कारण तिकडे सपाट रानात यंत्र फिरतं आणि पेंढा एरवी जाळलाच जातो. आपली खाचरं बांधाबांधाची. तिथे गठ्ठे बांधणारं यंत्र उतरणार कुठून? आणि आपला पेंढा हा कचरा नाही, वैरण आहे. तो ‘टाकाऊ’ म्हणून कागदावर मोजला जाऊ नये, एवढं सरपंचांनी आणि कृषी खात्याने पाहावं. उद्या कुणी खरेदीला आलंच तर भाव खळ्यावरचा की रस्त्यावर पोचता, हे आधी लिहून घ्यावं. आणि गावात गुरं किती, त्यांना वर्षाला पेंढा किती लागतो, याची नोंद ग्रामपंचायतीकडे तयार हवी.

धागा सैल करण्याची विद्या मात्र आजही गोठ्यात वापरता येते. १०० किलो कोरड्या पेंढ्यावर ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपावा, दाबून रचावा, प्लास्टिकने हवाबंद झाकावा. तीन आठवड्यांनी उघडावा. पेंढा मऊ होतो, गुरं जास्त खातात, प्रथिनंही वाढतात. घालण्याआधी तासभर मोकळा पसरून वास जाऊ द्यावा, सुरुवात थोड्याने करावी. सहा महिन्यांखालच्या वासरांना घालू नये. आणि युरियाच्या पाण्याची बादली गुरांच्या तोंडाशी कधीही ठेवू नये. त्याने जनावर दगावतं.