नोकरभरतीतला मध्यस्थ : त्याच्याशी करार कसा करावा?

आज आपण विश्वास या विषयातला एक अगदी व्यवहाराचा प्रश्न घेऊ. समजा, कोल्हापूरजवळ शिरोलीला आपली एक छोटी फाउंड्री आहे. मेंटेनन्स मॅनेजर हवा आहे आणि शोधायला आपल्याला वेळ नाही. मग आपण कन्सल्टन्सीला फोन करतो आणि विचारतो, "तुमचे चार्जेस किती?" त्याच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा : हा मध्यस्थ पैसे नेमके कशाचे घेतो?

आपल्याकडे न्यायदर्शनाने शब्द हे एक प्रमाण मानले, पण ते आप्ताचे शब्द असतील तरच. आप्त कोण, हे सांगताना वात्स्यायनाने दोन गोष्टींवर भर दिला. त्याला त्या वस्तूचे प्रत्यक्ष ज्ञान असावे आणि जसे कळले तसे सांगण्याची त्याची इच्छा असावी. आता बघा, कन्सल्टंट म्हणतो, "हा उमेदवार तुमच्यासाठी योग्य आहे." तो उमेदवाराशी स्वतः बोललाय का, की नुसता बायोडेटा पुढे ढकललाय? ही झाली पहिली कसोटी. दुसरी अशी, की खरे सांगण्यात त्याचा तोटा होतो का? ही दुसरी गोष्ट बरीचशी आपण केलेल्या करारावरच ठरते.

सर्वांत रूढ पद्धत म्हणजे माणूस रुजू झाला तरच पैसे. आपल्याकडे याचा नेहमीचा दर 8.33 टक्के, म्हणजे वार्षिक पगाराचा बारावा हिस्सा, सरळ एक महिन्याचा पगार. 12 लाखांच्या माणसाला साधारण 1 लाख, वर 18 टक्के जीएसटी. एकूण 1 लाख 18 हजार. माणूस नाही तर पैसे नाहीत, म्हणून आपल्याला हे सुरक्षित वाटते. मग आपण तेच काम पाच जणांना देतो. म्हणतो, आपले काय जाते?

जाते ते असे. त्या कन्सल्टंटच्या खुर्चीत जरा बसून बघा. पाचांतल्या एकालाच पैसे मिळणार, म्हणजे तो आपल्या कामाला वेळही तेवढाच देणार. जो आधी नाव पाठवेल त्याचा हक्क, म्हणून तो पारख न करता घाईने पाठवणार. एकच नाव दोघांकडून आले की दलालीवरून भांडण. आणि ज्या उमेदवाराला एकाच जागेसाठी चार फोन येतात, तो म्हणतो, या कंपनीत काहीतरी गडबड दिसते. यावर साधा उपाय आहे. दर तोच ठेवा, पण काम चार ते सहा आठवडे एकाच कन्सल्टन्सीकडे द्या. नीट शोधण्याचे कारण त्याला तिथे मिळते.

दुसरी पद्धत रिटेनरची. यात शोधाच्या कामाचेच पैसे असतात. मोठ्या पदांसाठी पहिल्या वर्षाच्या पगाराच्या एक तृतीयांश ही रूढ फी, तीन हप्त्यांत. 36 लाखांच्या प्लँट हेडला 12 लाख. महाग आहे खरे! पण "या पगारात असा माणूस मिळणार नाही" हे तोंडावर सांगणे या कन्सल्टंटला परवडते. जागा गुपचूप भरायची असेल किंवा हवी ती माणसे नोकरी शोधतच नसतील, तर हीच पद्धत योग्य. धोका एवढाच, की पहिला हप्ता घेतल्यावर काम रेंगाळते. म्हणून दुसरा हप्ता तारखेला बांधू नका. मुलाखत घेऊन निवडलेली यादी हातात आल्यावर द्या.

तिसरी पद्धत कंत्राटी : माणूस आपल्याकडे राबतो, पगारपत्रक त्यांचे. हंगामी ऑर्डरला हे सोयीचे. पण कंत्राटदाराने मजुरी थकवली तर ती मूळ मालकाने द्यावी, हे तत्त्व 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यानेच घातले. म्हणून पीएफ आणि ईएसआयची चलने दर महिन्याला मागून बघावीत. आणि साध्या ऑपरेटरसाठी? जवळच्या आयटीआयमध्ये आपण स्वतः जावे. तिथे मध्यस्थ लागत नाही.

करारातले एक कलम फार महत्त्वाचे. माणूस सोडून गेला तर बदली देण्याची हमी बहुधा 60 ते 90 दिवसांची असते आणि आपला प्रोबेशन मात्र सहा महिन्यांचा! म्हणजे माणूस आपल्याला कळेपर्यंत हमी संपलेली. ती वाढवून मागा, रुजू झाल्या दिवसापासून मोजा, आणि बदली की परतावा हे लिहून घ्या. नोटीस दोन-तीन महिन्यांची असते, तेवढ्यात होकार दिलेला माणूस दुसरीकडे जातो. म्हणून ऑफर लेटरवर पैसे देऊ नका. आपलीच माणसे वर्षभर फोडणार नाही, हेही लिहून घ्या.

आता या व्यवहारातला तिसरा माणूस, उमेदवार. मुंबईच्या कापड गिरण्यांत भरती जॉबरच्या हाती होती आणि काम मिळवायला, टिकवायला कामगाराला त्याचे हात ओले करावे लागत. 1931 च्या रॉयल कमिशनच्या अहवालाने या पद्धतीवर कडक टीका केली. पुढे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1997 च्या 181 क्रमांकाच्या कराराने नियमच केला, की खासगी एजन्सीने कामगाराकडून फी घेऊ नये. तेव्हा कन्सल्टन्सीला स्पष्ट विचारावे, "उमेदवाराकडून काही घेता का?" घेत असेल तर दर कितीही कमी असो, त्या दारी जाऊ नये. जो पैसे देऊ शकतो तोच आपल्यापर्यंत पोचेल. जो काम करू शकतो तो बाहेरच राहील. कांट म्हणतो, माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. इथे ते नीतीचे आहे आणि हिशेबाचेही.

इथे थांबू. आता आपले प्रश्न घेऊ या.